तुझ्या नावाची हजेरी

शांतू,

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. त्यातले नऊ दिवस मी तुला मरू दिलं नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये, कबुली म्हणून सांगते आहे. पाळकसाहेब परवा म्हणाले, "सुमनबाई, मन मोकळं करा, देवाशी बोला." देवाशी मी रोजच बोलते, त्याचं उत्तर सावकाश येतं हे मला माहीत आहे. तुझ्याशी बोलायचं मात्र राहिलंय. तुझी सवय अशी की मी बोलायला लागले की तू उठून कॉम्प्युटरपाशी जायचास. आता कुठं जाशील? बस आणि ऐक.

लोक येतात, तुझ्याबद्दल चांगलं बोलतात. भिंगारच्या वर्कशॉपमध्ये तू लष्कराचे वायरलेस सेट कसे चुटकीसरशी दुरुस्त करायचास, कुणाला कधी उलटून कसा बोलला नाहीस, वगैरे. माणूस गेला की त्याचे दोषही त्याच्याबरोबर पुरतात बहुतेक. उलटून बोलायचा नाहीस म्हणे! मला विचारा म्हणावं. घरात एकच टेबलफॅन धड होता आणि ऐन एप्रिलात तो तू माझ्यासमोरून उचलून कॉम्प्युटरसमोर ठेवलास. वर ऐकवलंस, "आक्का, तुला घाम तरी येतो. ह्याला तोही येत नाही." मी पदरानं वारा घेत बसले आणि तू त्या मशीनच्या पाठीला हात लावून ताप बघत होतास, आई तुझा बघायची तसा. मी त्या दिवशी तुला जेवायला वाढलं नव्हतं, तुझं तूच घेतलंस. परवा दुपारी तो पंखा उचलून परत माझ्या खाटेपाशी आणला. पाच मिनिटंही पडवेना, होता तिथं नेऊन ठेवला.

भिंगारची नोकरी सोडून तू घरी परत आलास तेव्हा मला वाटलं होतं, आता बहीणभाऊ मिळून म्हातारपण काढू. तू लग्न केलं नाहीस, माझं टिकलं नाही. मी शाळेतून निवृत्त होऊन घरात भिंतींशी बोलायला लागले होते. तुझ्या डोक्यात मात्र पेरू होता. आपल्या पुणतांब्याच्या आणि आणखी पाच गावांच्या पेरूवाल्यांनी एकत्र येऊन बाहेरच्या मोठ्या शहरांत माल पाठवायचं ठरवलं होतं. घेणाऱ्यांची अट एकच होती, पेटी कुठल्या बागेतली, फवारणी कधी झाली, तोडणी कधी झाली, हे सगळं खरं कळलं पाहिजे. आणि कागदावर काय, काहीही लिहिता येतं.

तू मला पहिल्यांदा समजावलंस ते या खोलीतच, पोहे खाता खाता. "आक्का, समज एकच वही आहे आणि तिच्या सहा प्रती सहा गावांत आहेत. एका गावानं काही लिहिलं की सहाही वह्यांत उमटतं. लिहिणाऱ्याची सही नसेल तर उमटतच नाही. आणि एकदा उमटलं की खोडता येत नाही. एकानं खोडलंच, तर बाकीचे पाच म्हणणार, आमच्याकडं तर असं लिहिलेलं आहे."

"आणि चुकलं तर?"

"चुकलं तर खाली नवी ओळ लिहायची. वरचं चूक, बरोबर ते हे."

मी म्हणाले, एवढंच ना? हे तर आम्ही हजेरीपटावर जन्मभर केलं. खाडाखोड चालत नाही, आडवी रेघ मारायची, वर बरोबर लिहायचं आणि बाजूला सही ठोकायची. तू घास हातात धरून माझ्याकडं बघत राहिलास. मग म्हणालास, "आक्का, दोन वर्षं मी पुस्तकं वाचली. आधी तुलाच विचारायला पाहिजे होतं." इतकं सरळ कौतुक तू माझं तेवढं एकदाच केलंस. मी ते जपून ठेवलंय.

त्या वहीला तू ब्लॉकचेन म्हणायचास, गावानं तिची नुसती 'चेन' केली. "बाई, माल चेनवर टाका," असं म्हणत लोक दारात यायला लागले. ज्या बाहेरच्या खोलीत मी शिकवण्या घ्यायचे तिथं तुझा कॉम्प्युटर येऊन बसला. तोच पुणतांब्याचा नोड, म्हणजे आपल्या गावाची वही. त्याच्या पोटात तू एक मोठा प्रोग्राम ठेवला नाहीस. छोटे छोटे ठेवलेस, एकेकाला एकच काम, आणि प्रत्येक जण आपापल्या डब्यात बंद. मायक्रोसर्व्हिस, कंटेनर अशी नावं तू सांगितलीस; मी डबेच म्हणत राहिले आणि शेवटी तूही डबेच म्हणायला लागलास. एक डबा शेतकऱ्याच्या मोबाईलवरून आलेली नोंद घ्यायचा, दुसरा तिच्यावर सही करायचा, तिसरा ती बाकीच्या पाच गावांना पोचवायचा, चौथा पेटीवरचं स्टिकर छापायचा. एक पडला तरी बाकीचे चालू. आणि पडलेल्याला दुरुस्त करत बसायचं नाही, फेकून द्यायचा आणि त्याच साच्यातून नवा उभा करायचा. हे मला फार जड गेलं. आपण फुटकी बादलीसुद्धा डाग देऊन वापरणारी माणसं.

"आक्का, डब्यावर जीव लावायचा नाही," तू सांगायचास. "जे जपायचं ते डब्यात ठेवायचंच नाही, बाहेर डिस्कवर ठेवायचं. मग डबा कितीदाही फेक."

शिकले मी. वयाच्या साठीला काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायला शिकले. वीज गेली, इन्व्हर्टर दमला, मशीन बंद होऊन सुरू झालं की कुठले डबे उठलेत आणि कुठले झोपलेत हे मी चहा टाकायच्या आधी बघायला लागले. तू दारात उभा राहून बघायचास आणि चूक झाली की खोकायचास. तो खोकला मला आयुष्यात सगळ्यात जास्त राग आणणारा आवाज होता. आता चुकले तर चुकतेच, खोकायला कुणी नाही.

आता आपल्या भांडणाकडं येते. तीन वर्षं चाललेलं भांडण, आणि तू ते अर्ध्यात टाकून गेलास.

चेनवर सही करायला ज्याची त्याची एक गुप्त चावी लागते. आपल्या नोडची चावी तुझ्या नावाची होती. नोंदी घ्यायचे मी, तपासायचे मी, आणि शेवटी तुला हाक मारायचे, "टाकू का रे?" तू आतून "टाक" म्हणायचास आणि मी बटण दाबायचे. सहा गावांत नोंद उमटायची ती तुझ्या नावानं. तुला ते खुपायचं. "काम तुझं आणि सही माझी, हे बरोबर नाही. तुझी चावी कर." मी म्हणायचे, माझं नाव कशाला, चाललंय ना. मी म्हणायचे, माझ्या हातून चूक झाली तर ती कायमची राहील, माझ्या सेवापुस्तकात एक लाल शेरा नाही, आता म्हातारपणी नको. शेवटी तू एक खोडी केलीस. सहीचा डबा नव्यानं उभा केला की तो एक परवलीचं वाक्य मागायचा. ते वाक्य तू बदललंस आणि मला चिठ्ठीवर लिहून दिलंस. 'आक्का तुझी चावी कर.' म्हणजे वीज गेली आणि डबा उठवायचा झाला की मला स्वतःच्या हातानं तुझं म्हणणं टाइप करावं लागायचं. मी चिडून कितीदा मुद्दाम चुकीचं टाइप केलं असेल!

पण खरं कारण मी तुला कधी सांगितलं नाही. एकदा तू बोलून गेलास, "तुझी चावी झाली की मी मोकळा." पुण्याहून तुला कुणीतरी कामाला बोलवत होतं, हे मला माहीत होतं. मी मनाशी गाठ बांधली, की चावी त्याच्या नावाची आहे तोवर तो घर सोडत नाही. म्हणून मी चावी केली नाही, शांतू. तुला बांधून ठेवायला दुसरं काही माझ्याकडं नव्हतं.

तुझ्या कपड्यांच्या घड्या करताना हृदयाच्या डॉक्टरचा एक कागद सापडला. गोळ्यांचं पाकीटही सापडलं, अर्धं संपलेलं. म्हणजे तू मला चोरून गोळ्या घेत होतास. मग 'मोकळा' म्हणालास ते पुण्याला जायचं म्हणून, की हे म्हणून? मी त्या दिवशी विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस का? मला वाटतं, नसतं सांगितलंस. पण विचारलं नाही ते नाहीच. त्याचा दोष कुणाला लावू?

आणि ती हजेरी. ती तुझीच कल्पना. सहा गावांत सहा माणसं नोड सांभाळणारी, पण एकमेकांना फोन करायचा सगळ्यांना कंटाळा. तू नियम केलास, की माल असो नसो, रोज सकाळी सातला प्रत्येकानं आपल्या सहीनं चेनवर एक ओळ टाकायची, 'हजर.' म्हणजे नोडही चालू आहे आणि माणूसही धड आहे, हे बाकीच्यांना कळतं. मी हसले होते. म्हणाले, मी शाळा सोडली पण शाळा मला सोडत नाही. तू म्हणालास, "तुझ्या शाळेत पोरं एकमेकांच्या नावानं हजर म्हणायची. इथं तसं चालत नाही, सही लागते." मी अशा पोरांना छड्या मारलेल्या आहेत. ते तुला माहीत होतं.

तू गेलास तो सोमवार. सकाळची हजेरी टाकून झाली, स्टिकरं छापून होत आली होती आणि तू मला म्हणालास, "आक्का, जरा पाणी दे." मी पाणी घेऊन येईपर्यंत तू खुर्चीतून घसरला होतास. पेट्या न्यायला आलेल्या टेम्पोवाल्यानंच गाडी काढली. नगरला पोचेपर्यंत तू माझा हात धरून होतास. दुपारी डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळी तुला घरी आणलं.

दुसऱ्या दिवशी अकराला दफनविधी ठरला होता. घर माणसांनी भरलेलं. सकाळी सहाच्या सुमाराला मागच्या दारानं भाऊसाहेब आला. माझा चौथीतला विद्यार्थी, आता त्याची पेरूची मोठी बाग आहे. हात जोडून उभा राहिला.

"बाई, कोन्त्या तोंडानं म्हनू... पन माल कालच तोडलाय. दादांना न्यायची येळ आन मी हे बोलतोय, मला माफ करा. स्टिकर न्हाई लागलं तर पुडचे घेत न्हाईत."

पेरू माणसाच्या दुःखासाठी थांबत नाही, एका दिवसात मऊ पडतो, हे मलाही कळत होतं. मी उठले. तू पुढच्या खोलीत होतास, चादर ओढून. तुझ्या उशाशी ते मशीन घरघरत होतं, कुणी बंद करायचं सुचलंच नव्हतं. मी भाऊसाहेबाची नोंद तपासली. सवयीनं तोंडातून आलं, "टाकू का रे?"

बायका रडायला लागल्या. मी बटण दाबलं. पडद्यावर तुझं नाव हिरव्या अक्षरांत उमटलं, शांतवन. सात वाजले होते म्हणून हजेरीही टाकली. 'पुणतांबा, हजर. शांतवन.' खरं सांगू? त्या अक्षरांकडं बघताना माझ्या छातीवरचं ओझं क्षणभर उतरलं. इतक्या माणसांत मला तेवढाच एक दिलासा मिळाला. अकराला तुला मूठमाती देऊन आले.

मग तो नादच लागला. दुसऱ्या दिवशी सातला हजर, तिसऱ्या दिवशी सातला हजर. पेरूच्या नोंदी खऱ्या होत्या, बागा मी स्वतः जाऊन बघून यायचे. फक्त सही मेलेल्या माणसाची होती. वहीला काय माहीत तू गेलास? चावी बरोबर आहे, मग सही बरोबर. पाचव्या दिवशी वीज गेली आणि सहीचा डबा उठेना. मी तो फेकला, नवा उभा केला, त्यानं वाक्य मागितलं. 'आक्का तुझी चावी कर.' टाइप करताना मला अक्षरं दिसत नव्हती. तेव्हाच मी थांबायला हवं होतं. तू याहून स्पष्ट काय सांगणार होतास? पण मी एंटर दाबलं आणि तुझ्या नावानं पुढचं काम सुरू केलं.

आणि या सगळ्यात मनात एक राग धुमसत होता. दफनविधीला सगळं गाव आलं, भिंगारहून तुझे सोबती आले, पण चेनवरच्या त्या पाच गावांतलं एकही माणूस आलं नाही. ज्यांच्या नोडसाठी तू उन्हातान्हात मोटरसायकल पिटाळलीस, त्यांना एक दिवस काढता आला नाही? मी बहिणीच्या नात्यानं सगळ्यांना मनातल्या मनात शाप दिले. काम संपलं, शांतवन संपला, असं बोललेही कुणाकुणापाशी.

नवव्या दिवशी दुपारी दारात मोटरसायकल थांबली. बेलापूरचे रावसाहेब. तिथला नोड तेच सांभाळतात. हातात पुठ्ठ्याचं खोकं, त्यात तुझ्यासाठी नवी डिस्क. चपला काढता काढताच ओरडले, "ओ दादा! घ्या तुमची डिस्क, लई दिवस मागं लागला हुता!"

मी बाहेर आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडं. खोकं तसंच हातात.

"कवा?" म्हणाले.

"आज नववा दिवस."

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई बाई, कसं हुईल? आज सकाळची हजेरी हाय त्यांची. म्या माझ्या डोळ्यानं बघितली."

ते ओट्यावर बसले. हळूहळू त्यांनी सगळं सांगितलं. मंगळवारी सकाळीच दुधाच्या टँकरवाल्यानं त्यांना सांगितलं होतं, पुणतांब्याचे शांतवनदादा गेले. त्यांनी तुला फोन लावला, बंद होता. तुमच्या सहाजणांचा ग्रुप तुझ्याच मोबाईलवर, आणि तो मोबाईल दवाखान्यातून आला तसा मी कपाटात ठेवून दिलेला. मग रावसाहेबांनी मशीन उघडून चेन बघितली.

"सातची सही हुती, बाई. हजर. म्या त्या डायवरला आय-माय काडून शिव्या दिल्या. म्हनलं, जित्या मानसाला मारतो व्हय रं? बाकीच्या चार गावांनी मला फोन केले, त्यांनाबी म्याच सांगितलं, अफवा हाय, सही बघा." त्यांनी खोकं ओट्यावर ठेवलं. "माझी माती हुकली, बाई. दादाची माती हुकली."

मी त्यांच्यासमोर भिंतीला धरून उभी होते, शांतू. ज्या माणसांना मी नऊ दिवस शाप देत होते, त्यांना मीच तुझ्या दारात येऊ दिलं नव्हतं. तुझ्यासाठी रडायला बसलेली माणसं मी माझ्या हातानं परत पाठवली होती. चौतीस वर्षं मी पोरांना शिकवलं, की दुसऱ्याच्या नावानं हजर म्हणणं म्हणजे खोटं बोलणं आहे, गंमत नाही. आणि मी कुणाची हजेरी लावली, तर तुझी, तीही तुझ्या मातीच्या दिवशी.

"रावसाहेब, माझ्या हातून पाप झालं," मी म्हणाले.

ते माझ्यावर चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, "कुटं ठिवलंय दादांना?" आम्ही दोघं दफनभूमीत गेलो. माती अजून वर होती, बसली नव्हती. त्यांनी वाकून मूठभर उचलली, कपाळाला लावली आणि तुझ्यावर टाकली. नऊ दिवस उशिरा. मग तिथंच उभं राहून म्हणाले, "नोंदी खऱ्या हायेत का?"

"माल खरा, फवारणी खरी. सही तेवढी खोटी."

"मंग तसंच लिहा. पन त्यांच्या चावीनं न्हाई. तुमच्या."

दहाव्या दिवशी सकाळी सातला मी तुझा मोबाईल चालू करून मशीनपाशी बसले आणि हजेरी टाकली नाही. हात मांडीखाली दाबून ठेवले. आठ वाजता पहिला फोन आला, मग दुसरा, मग चारही गावांचे; रावसाहेबांनी सांगायचं काम माझ्यावर सोडलं होतं. "पुणतांबा गैरहजर दिसतंय, दादा बरे हायेत ना?" प्रत्येकाला मी तोंडानं सांगितलं, तू गेलास, आणि नऊ दिवस सही माझी होती. कुणी रडलं. एक जण म्हणाला, "बाई, तुमच्याकडून अशी अपेक्षा नव्हती." त्याचं बरोबर होतं. पुढच्या तीन दिवसांत बाकीच्या चारही गावांची माणसं येऊन तुला भेटून गेली.

भाऊसाहेब मात्र घाबरला. "बाई, कशाला लिवता वहीत? कोनाला कळतंय? बोलून झालं नं? लिवलं तर घेनारे म्हनतील, पुनतांब्याच्या सह्या खोट्या. आमचा माल कोन घेईल मंग?" त्याची भीती खोटी नव्हती. सही बंद होती म्हणून त्या तीन दिवसांत त्याचे पेरू बिनस्टिकरचे राहात्याच्या बाजारात गेले होते. माझ्या एका ओळीनं सगळ्या गावाची सही संशयात येणार होती, आणि त्यातले निम्मे माझ्या हाताखाली बाराखडी शिकलेले. मी दोन दिवस त्याच विचारात काढले. तुला विचारावंसं वाटत होतं, आणि तू काय म्हणशील ते मला माहीतही होतं. तू म्हणाला असतास, ही वही मी कशासाठी मांडली होती, आक्का?

भाऊसाहेबाला म्हणाले, "तू चौथीत असताना बंडूच्या नावानं हजर म्हणाला होतास. आठवतं?"

"आठवतं की. दोन छड्या."

"मग मला किती मारायच्या ते तू सांग."

त्यानं पायांत चपला घातल्या. जाताना म्हणाला, "लिवा बाई. हुईल ते बगू."

काल सकाळी मी माझी चावी केली. नव्या चावीला चेनवर घ्यायला गावांच्या सह्या लागतात, आणि जुनी चावी बंद करायलाही. तुझ्या चावीनं माझ्या नावाला एक मान्यता मीच देऊ शकले असते, एक बटण दाबायचं होतं. नाही दाबलं. पाचही गावांनी आपापल्या सहीनं माझं नाव मान्य केलं आणि पाचही गावांनी तुझी चावी बंद केली. पडद्यावर एकामागून एक नावं उमटत गेली. रावसाहेबांची सही सगळ्यांच्या शेवटी आली.

तुझा सहीचा डबा मात्र अजून चालूच होता, काम येईल म्हणून वाट बघत. तो थांबवायची आज्ञा मला पाठ आहे, तूच शिकवलीस. एरवी मी ती शंभरदा दिली असेल, न बघता. काल अर्धी टाइप केली, पुसली, पुन्हा टाइप केली. मग मी मोठ्यानं म्हणाले, "शांतू, टाकते रे," आणि दिली. आतून उत्तर आलं नाही. डबा गेला. त्याच्या जागी माझ्या नावाचा नवा उभा राहिला.

सात वाजले तेव्हा मी लिहायला घेतलं. तीन वर्षं तू माझ्या सहीच्या पहिल्या नोंदीची वाट बघितलीस. कुठली असेल ती पहिली नोंद, भाऊसाहेबाच्या सफेद पेरूची की गुलाबीची, अशी चेष्टाही करायचास. ती ही, बघ.

'पुणतांबा. नोड सांभाळणारे शांतवन यांचं निधन झालं. त्यानंतरच्या नऊ दिवसांच्या हजेऱ्या आणि मालाच्या नोंदी त्यांच्या सहीनं मी केल्या. माल खरा आहे. त्या दिवसांत ते हजर नव्हते. चूक माझी. सुमन.'

दोनदा वाचलं. एकही शब्द खोडावासा वाटला नाही, आणि प्रत्येक शब्द खोडावासा वाटला. बटण दाबलं. थोड्या वेळानं रावसाहेबांचा फोन आला.

"बाई, आली. सगळीकडं आली."

"हो," मी म्हणाले.

सहाही गावांच्या वहीत आता लिहिलेलं आहे की तू गेलास. आता ते कुणालाच खोडता येणार नाही, शांतू. मलाही नाही.